नकाशाआधीचे काम: सीमाभागात लोकांसोबत घरे बांधू पाहणाऱ्या नव्या वास्तुरचनाकारांसाठी

वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीकडे परतणाऱ्या अनेक तरुण-तरुणींच्या मनात आपल्या गावातील साध्या माणसांसाठी काम करण्याची इच्छा असते. मात्र सुरुवात कुठून करावी हे न उमगल्यामुळे ती पहिल्या दोन-तीन बंगल्यांच्या कामांतच विरून जाते. अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे घर न्याय्य होणार की नाही, हे बरेचसे नकाशा काढण्यापूर्वीच ठरलेले असते. मोजमाप घेताना घरात कोण उपस्थित होते, कोण बोलले आणि कोणाला कोणी विचारलेच नाही, यावर ते ठरते.

प्रथम एकच गल्ली किंवा एकच वाडी निवडा आणि तिला किमान एक पूर्ण वर्ष द्या, कारण आपल्याकडचा पावसाळा पाहिल्याशिवाय येथील घर कळत नाही. कणकुंबी-जांबोटीकडे महिनोन्महिने झड लागते आणि भिंत आडव्या पावसाने भिजते. अथणीकडे तेच आभाळ कोरडे राहते आणि उन्हापासून बचाव हाच मुख्य प्रश्न बनतो. वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. तेथे जोते किती उंच घ्यायचे याचे उत्तर पुस्तकात शोधू नका. घरातील वडीलधाऱ्यांना पाण्याची खूण भिंतीवर बोटाने दाखवायला सांगा, ती टेपने मोजा आणि शेजारच्या चार घरांत पडताळून पाहा.

भेटीची वेळ लोकांच्या सोयीची ठेवा. वडगाव, शहापूर, खासबाग येथील विणकरांच्या घरी माग चालू असताना बोलणे ऐकूच येत नाही; ऊसतोडीच्या दिवसांत शेतमजूर बायका अंधार पडल्यावरच घरी सापडतात. पहिल्या दोन-तीन भेटींत वही मिटलेली असावी. त्यानंतर आहे ते घर मोजा आणि प्रत्येक खोलीत कोणत्या प्रहरी काय चालते ते लिहून काढा. निपाणीतील विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दाराजवळच का बसते, तर तिला उजेड हवा असतो, वारा नको असतो आणि चुलीवरही लक्ष ठेवायचे असते. या तिन्ही गरजा तुमच्या नकाशात आल्या नाहीत, तर नवीन घरात ती पुन्हा उंबऱ्याशीच येऊन बसेल. विणकराच्या घरात यंत्रमागाचे हादरे भिंतींना तडे देतात, म्हणून मागाची बैठक भिंतीच्या पायापासून सुटी ठेवावी लागते. कांडी भरणाऱ्या म्हातारीलाही खिडकीजवळची जागा लागते. माग आणि सूप ही उपजीविकेची साधने आहेत, आणि खोल्यांची नावे ‘हॉल’ व ‘बेडरूम’ अशी लिहिली की नेमकी तीच कागदावरून नाहीशी होतात.

येथे माझी एक चूक सांगतो. खानापूर तालुक्यातील एका घराचा नकाशा मी घरातील पुरुषांशी बोलून पक्का केला होता. स्वयंपाकघराचे दार मी पश्चिमेला ठेवले, सर्वांनी माना डोलावल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात झडीचे पाणी थेट चुलीपर्यंत आले. घरातल्या सासूबाईंना हे आधीपासून माहीत होते, पण मी त्यांना विचारले नव्हते. तेव्हापासून घरातील बायकांशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय मी रेघ ओढत नाही. सहकारी म्हणून एखादी तरुणी सोबत असेल तर हे बोलणे सोपे जाते, आणि गावातील स्त्रीशक्ती गटाची (बायकांच्या बचत गटाची) बैठक त्यासाठी उत्तम जागा असते.

सामूहिक वास्तू असेल, म्हणजे समाजमंदिर, अंगणवाडी किंवा धुण्याचा घाट, तर गावाच्या कडेच्या वस्तीपासून चालायला सुरुवात करा. जागा बहुधा गावठाणाच्या मध्यभागी सुचवली जाते, आणि ती सुचवणारी माणसेही मध्यभागीच राहणारी असतात. शेवटच्या घरातील मुलाला अंगणवाडीपर्यंत किती पावले पडतात आणि वाटेत कोणाच्या दारावरून जावे लागते, हे मोजून बैठकीत मांडा. दारात उतार द्यायचा असल्यास तो १ फूट उंचीला १२ फूट लांबी या प्रमाणाहून चढा नसावा. त्याची लांबी आधीच धरली नाही, तर शेवटी तीन पायऱ्याच बांधल्या जातात.

आता भाषेविषयी, कारण आपल्या भागात याच ठिकाणी सर्वाधिक गफलत होते. घरमालकीण मराठी बोलते, गवंडी अनेकदा पूर्वेकडील तालुक्यांतून आलेला कन्नड भाषिक असतो, ग्रामपंचायतीचे कागद कन्नडमध्ये असतात आणि आपण नकाशावर इंग्रजीत लिहितो. खोल्यांची नावे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत लिहा. सोपा, माजघर, न्हाणी, परडे हे शब्द जसेच्या तसे ठेवा. मापे मिलिमीटरमध्ये काढली असली तरी फूट, इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) यांतही लिहा, कारण गवंड्याच्या हातातील हिशेब तोच आहे. तरीही कागदावरचा नकाशा बहुतेकांना वाचता येत नाही. म्हणून मोकळ्या जागेत फक्की मारून घराची खरी मापे जमिनीवर आखा आणि कुटुंबाला त्यांतून चालू द्या. डोक्यावर भारा, कमरेला घागर घेऊन बाई दारातून वळू शकते का, म्हशीला गोठ्याकडे नेताना न्हाणी आड येते का, हे अर्ध्या तासात कळते, आणि ज्यांनी तोवर तोंड उघडलेले नसते तीच माणसे पायाने रेषा पुसून नवीन रेषा ओढू लागतात.

पैशांचा विचार याच टप्प्यावर करावा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १.२० लाख रुपयांचे साहाय्य आणि स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे घर असे प्रमाण ठरलेले आहे, आणि रक्कम हप्त्यांनी येते. एवढ्यात सगळे घर होत नाही, हे कुटुंबाला स्पष्ट सांगा आणि घर टप्प्यांनी वाढेल अशी आखणी करा. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या इकिके शहरात वास्तुविशारद आलेहान्द्रो आरावेना यांच्या गटाने २००४ मध्ये सुमारे १०० कुटुंबांसाठी हाच विचार केला: मिळालेल्या अनुदानात घराचा अवघड अर्धा भाग, म्हणजे मूळ सांगाडा, जिना, न्हाणी आणि स्वयंपाकघर, बांधून दिला आणि उरलेला अर्धा कुटुंबांनी सवडीने पूर्ण केला. आपल्याकडे पाया आणि जोते पूर्ण मापाचे घ्यावे, जिन्याची जागा राखावी आणि परड्याकडील भिंत पुढे पाडता येईल अशी ठेवावी. पुण्यात येरवड्याच्या झोपडवस्तीत वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी महिला मिलन या वस्तीतील बायकांच्या संघटनेसोबत मूळ जागीच २७० चौरस फुटांची घरे उभारली, तीही वस्तीतल्या जुन्या बोळांना धरून. याउलट ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या काटकोनी वसाहतींत जुन्या गल्लीचा शेजार हरवल्याची खंत आजही ऐकू येते. ही दोन्ही ठिकाणे आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहेत. विद्यार्थीदशेतच पाहून या.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगतो. पश्चिमेकडे जांभा आणि कौले यांना तोड नाही. पूर्वेच्या काळ्या जमिनीत माती फुगते आणि आकसते, त्यामुळे ती विटांच्या कामाची नाही आणि पायाही जपून घ्यावा लागतो. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली, वीट उभी ठेवून मध्ये पोकळी सोडणारी बांधणी सुमारे एक चतुर्थांश विटा वाचवते आणि भिंत कमी तापवते. पण आपला गवंडी ती प्रथमच करणार असेल तर आधी एक छोटी भिंत त्याच्यासोबत बांधून पाहा आणि त्या दिवसाची मजुरी द्या.

जमिनीचे कागद पाहिल्याशिवाय काम सुरू करू नका. ई-स्वत्तु या कर्नाटकातील ग्रामपंचायत मालमत्तांच्या संगणकीय नोंदीतील नमुना ९ व ११ कोणाच्या नावे आहे ते तपासा आणि शक्य असेल तेथे पत्नीचे नावही लावण्याचा आग्रह धरा. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेकडे (कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर) नोंदणी झाल्याखेरीज स्वतःला वास्तुविशारद म्हणवू नये, हेही पाळा.

मानधन पूर्ण माफ करू नका. फुकट मिळालेल्या सल्ल्यावर हक्काने प्रश्न विचारायला माणसे संकोचतात. अल्प रक्कम ठरवली, ती हप्त्यांशी जोडली आणि कागदावर लिहिली की दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलतात. तीन-चार जणांनी मिळून काम सुरू केले आणि शहरातील इतर कामांतून घरखर्च भागवला, तर पहिली दोन वर्षे निभावतात.

घर पूर्ण झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात तेथे पुन्हा जा. पागोळ्यांचे पाणी कोठे पडते, कोणत्या खिडकीला पोते बांधले आहे, सूप घेऊन बसणारी बाई कोठे बसली आहे, हे पाहून वहीत टिपा, दुरुस्ती करून द्या आणि तीच वही घेऊन पुढच्या घरी मोजमापाला जा.