इलेक्ट्रिक रंध्याने फळीवर लाटा उठणे आणि टोकाला खड्डा पडणे : माझा अनुभव

कोल्हापूरच्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या सागवानी फळीवर ८२ मिलिमीटरचा रंधा फिरवला की बारीक आडव्या लाटा उठत आणि शेवटच्या बोटभर भागात खड्डा पडे. पाती उलटवली, पट्टा बदलला, कापाची खोली कमी केली. तीन रविवार वाया गेल्याने फार वैताग आला होता.

दोष पात्याखाली साचून दगडासारख्या झालेल्या राळमिश्रित भुशात होता. त्यामुळे एक पाते केसभर वर राहून एकटेच कापत होते.

प्रथम प्लग सॉकेटमधून काढला. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण पाती सोडवताना बोटे धारेपाशीच असतात. दोन्ही पाती काढून त्यांच्या बैठका रॉकेल व पितळी ब्रशने घासून पूर्ण कोरड्या केल्या. पाती बसवून रंधा उलटा ठेवला, मागच्या तळावर सरळ लाकडी पट्टी धरली आणि पाती बसतात तो गोल ड्रम काडीने हळूहळू फिरवला. सर्वोच्च बिंदूवर धार पट्टीला जेमतेम स्पर्श करील, अशी दोन्ही पाती दोन्ही टोकांना जुळवून बोल्ट आलटून पालटून आवळले व पुन्हा तपासले.

आता सुरुवातीला दाब पुढच्या आणि शेवटी मागच्या तळावर देतो, आणि ड्रम पूर्ण थांबल्यावरच रंधा खाली ठेवतो.