उभ्या कॅम्पर व्हॅनचा ट्रॅकर बंद पडत होता, त्यावरचा उपाय

ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली आमची कॅम्पर व्हॅन (राहण्याची सोय असलेली गाडी) पुण्यात आठवडेच्या आठवडे उभी असते. चोरीच्या धास्तीने बसवलेला जीपीएस ट्रॅकर काही दिवसांनी जुनेच ठिकाण दाखवू लागे आणि इंजिनाची बॅटरीही उतरलेली असे. सिम बदलले, ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतील बिघाड तपासण्याचे यंत्र जोडायची खाच) खोचायचा ट्रॅकर घेतला (तो चोर क्षणात उपटून फेकेल, हे वेगळेच), ब्लूटूथ टॅगही ठेवून पाहिला. परंतु असा टॅग आसपासच्या फोनवर अवलंबून असतो आणि अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना चोराच्याच फोनवर जाऊ शकते. मनस्ताप पुष्कळ झाला.

अखेर अंतर्गत बॅटरी असलेला, तारेने जोडायचा ४जी ट्रॅकर निवडला; केवळ २जीवर चालणारी स्वस्त उपकरणे टाळली, कारण जिओचे २जी जाळेच नाही. प्रथम, सौर पॅनेलवर चार्ज होणाऱ्या, इंजिनाच्या बॅटरीहून वेगळ्या असलेल्या मागच्या बॅटरीची ऋण तार सोडवली. मग तिच्या धन टोकालगत १ अँपिअरचा फ्यूज घालून तिथून ट्रॅकरची धन तार नेली, ऋण तार त्याच बॅटरीच्या ऋण जोडणीला दिली आणि इग्निशनची तार किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या तारेला जोडली. पत्रा जीपीएसचे संकेत अडवतो, म्हणून ट्रॅकर डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, अँटेना आकाशाकडे करून बसवला. बॅटरीची तार पुन्हा लावल्यावर ॲपमध्ये निद्रावस्था सुरू केली: हालचाल झाली तर लगेच जाग, एरवी दर १२ तासांनी एकदा स्थान. शेवटी फ्यूज काढून वीज तुटल्याची सूचना फोनवर येते का, हे तपासले. ती आली, आणि ट्रॅकर अंतर्गत बॅटरीवर चालू राहिला.