गाऊटवाल्या मित्राला जेवायला बोलावताय? या चुका टाळा

आखाड लागला की नाशकात मटणाचे बेत सुरू होतात आणि दरवर्षी कुणाच्या तरी घरी मला हेच ऐकू येतं: "त्याला युरिक अ‍ॅसिड आहे, फोडी नको. नुसता रस्सा वाढा." सगळ्यात मोठी चूक हीच. गाऊट म्हणजे रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजण्याचं दुखणं, आणि शरीरात ज्याचं युरिक अ‍ॅसिड होतं ते प्युरिन पाण्यात उतरतं. मटण शिजलं की फोडींमधलं बरंचसं प्युरिन रश्श्यात आलेलं असतं.

मीही हेच केलं होतं. पंचवटीतल्या घरी मित्राला बोलावलं आणि पचायला हलकं म्हणून आग्रह करकरून तीन वाट्या अळणी, म्हणजे मटणाचं बिनमसाल्याचं पाणी, पाजलं. पहाटे तीनला वहिनींचा फोन आला. पायाचा अंगठा लालभडक सुजलेला, वर चादर टेकली तरी तो कळवळत होता. आठवडाभर त्याला चप्पल घालता आली नाही. दिवसभर प्रवासात पाणी जेमतेम प्यायला होता, तेही कारण असेल असं डॉक्टर म्हणाले. पण त्या वाट्या मी भरल्या होत्या.

आता मी मटण आधी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देतो. मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला तेल सुटेपर्यंत परतून गरम पाण्यात नवा रस्सा करतो. प्युरिन कमी होतं, संपत नाही, म्हणून त्याच्या ताटात फोडी दोनच. चव थोडी उतरते, ती वाटण निवांत परतलं की बरीच भरून येते. घाईवाले सगळं एकदम कुकरमध्ये टाकून शिट्ट्या मोजत बसतात. त्यांना पाणी ओतायची संधीच उरत नाही. तेवढा वेळ नसेल तर सरळ वांग्याची भाजी करा. कलेजी, भेजा आणि सुकट मात्र त्याच्यासाठी रांधूच नका.

दुसरी चूक म्हणजे डाळी-उसळी तोडणं. मटकी बंद, तूर बंद, पालक बंद, मग बिचाऱ्याने खायचं काय? अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांची १२ वर्षं पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. मांस-मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊटचा धोका वाढलेला दिसला, प्युरिनवाल्या भाज्या-कडधान्यांनी वाढलेला दिसला नाही आणि दूध-दही घेणाऱ्यांत तो कमी होता. म्हणून मी त्याला मिसळ खुशाल वाढतो, शेजारी वाटीभर सायीविना दही. एखाद्या डाळीने त्रास होतो असं तो स्वतः म्हणाला, तर तेवढी वगळतो.

"बिअर नको, वाइन घे, आपल्या नाशिकचीच आहे" हा आग्रहही नको. वाइननेही दुखणं उसळतं. त्याऐवजी कोल्ड्रिंक किंवा ग्लासभर द्राक्षाचा रस देणं तितकंच चुकीचं, कारण त्यातल्या फ्रुक्टोजने युरिक अ‍ॅसिड वाढतं. मूठभर द्राक्षं चालतात.

आंबट म्हणून लिंबू काढून घेऊ नका, लिंबाने युरिक अ‍ॅसिड वाढत नाही.

रात्री जेवायचंय म्हणून दिवसभर उपाशी राहायला सांगू नका.

आणि "जेवण इतकं जपतोयस, मग गोळी कशाला?" असं तर कधीच म्हणू नका. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड साधारण ६ mg/dL च्या खाली ठेवायचं असतं आणि नुसत्या पथ्याने ते थोडंच उतरतं. माझा मित्र जेवायला आला की मी ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवतो आणि गोळी घेतलीस का, एवढं विचारतो.