हाडातली सूज आणि सलाईनमधलं औषध : या चुका टाळा

एक्स-रे स्वच्छ असतो, पण गुडघा रात्री झोपू देत नाही. मग एमआरआय होतो आणि रिपोर्टवर ‘बोन मॅरो एडिमा’, म्हणजे हाडाच्या मज्जेतली सूज, असे शब्द येतात. घरी सांगताना त्याचं ‘हाडात पाणी झालंय’ असं होतं. पुण्यात फिजिओथेरपी करताना असे रिपोर्ट हातात घेऊन आलेली माणसं मी नेहमी बघते. त्यांचे महिने वाया गेलेले पाहून जीव तुटतो, कारण योग्य वेळी कारण सापडलं तर हे दुखणं पुष्कळदा बरं होतं.

रिपोर्टमधल्या शब्दालाच आजार समजणं

मज्जेतली सूज ही नुसती खूण आहे. तिच्यामागे मार असेल, सिंहगडाच्या वाऱ्या अचानक वाढवल्याने हाडाला गेलेली बारीक चीर असेल, झिजलेला गुडघा असेल, खुब्याचा रक्तपुरवठा तुटलेला असेल, क्षयाचा जंतू किंवा क्वचित गाठही असेल. प्रत्येकाचं औषध वेगळं. म्हणून शेजारच्या काकूंना लागू पडलेलं इंजेक्शन मागू नका. स्टिरॉइड कधी घेतली होती का, दारू किती, हे डॉक्टरांनी विचारलं तर संकोच न करता सांगा. खुब्याच्या बाबतीत उपचाराची दिशा त्यावर ठरते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत खुब्यात येणारी अशी सूज बहुधा पायावरचा भार कमी केल्यावर काही महिन्यांत आपोआप ओसरते.

‘वर्षाचं इंजेक्शन’ तयारीशिवाय घेणं

हे इंजेक्शन म्हणजे झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, शिरेतून, वर्षातून एकदा. हे मुळात हाडांच्या ठिसूळपणाचं औषध. मज्जेतल्या सुजेसाठी ते डॉक्टर स्वतःच्या निर्णयाने वापरतात, तशी अधिकृत मंजुरी नाही. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते आवर घालतं. छोट्या चाचण्यांत वेदना आणि सूज कमी झालेली दिसली. मात्र २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत गुडघ्याची झीज असलेल्या २२३ जणांपैकी निम्म्यांना ते वर्षाच्या अंतराने दोनदा दिलं. दोन वर्षांनी वेदनेत आणि कूर्चेच्या झिजेत औषध नसलेल्या खोट्या सलाईनपेक्षा वेगळं काही निघालं नाही. म्हणून जुन्या झिजलेल्या गुडघ्यासाठी याच्यावर मोठी आशा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घ्यायचं ठरलंच, तर आधी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचं माप, मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर हे औषध देत नाहीत. इथेच एक गोष्ट सगळ्यांकडून सुटते : निदान होईपर्यंत माणसाने आठवडेच्या आठवडे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक खाल्लेलं असतं, आणि ते त्याच मूत्रपिंडावर आलेलं असतं. मेडिकलमधून आणलेल्या प्रत्येक गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा. दात काढायचा असेल तर तो आधी काढून जखम भरू द्या. औषधाच्या आधी पाणी भरपूर प्या. पहिले दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, घाबरून जाऊ नका. हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे पुढे मूल हवं असलेल्या मुलीने ते आधीच बोलायला हवं.

ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी हाच उपचार समजणारेही भेटतात. झिजलेल्या गुडघ्यावर ४१३ जणांना घेऊन दोन वर्षं केलेल्या चाचणीत त्या जीवनसत्त्वाने दुखणं कमी झालं नाही. पण कमतरता असताना झोलेड्रोनिक घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. म्हणून कमतरता भरून काढायची, दुखणं जाईल म्हणून नाही.

डेनोसुमॅब हे हाडांच्या ठिसूळपणाचं दुसरं इंजेक्शन सुरू केलं असेल तर सहा महिन्यांची तारीख चुकवू नका आणि मनाने बंद करू नका. बंद केल्यावर हाडांची झीज उसळून मणके मोडल्याची उदाहरणं आहेत.

दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं असं धरणं

सर्वांत जास्त नुकसान मी इथे होताना पाहते. ‘ताई, इंजेक्शन झालं, आता पर्वती सुरू करू?’ वेदना आधी उतरते, हाड मागून सावरतं. त्या मधल्या काळात पर्वतीच्या १०३ पायऱ्या नकोत, टेकडी नको. डॉक्टरांनी किती आठवडे भार टाकू नका म्हटलंय, ते लिहून घ्या.

काठी दुखऱ्या बाजूला धरणारे तर दहातले सात-आठ असतील. काठी चांगल्या बाजूच्या हातात हवी, आणि दुखरा पाय पुढे पडताना तीही पुढे टेकायची. पेठेतल्या वाड्यात लिफ्ट नसेल तर जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, कठडा धरून. दुचाकीवर प्रत्येक सिग्नलला नेमका दुखरा पाय टेकला जातो आणि घरी आल्यावर गाडी मेन स्टँडला लावताना त्याच पायावर जोर येतो. काही आठवडे रिक्षा करा. हा खर्च वाया जात नाही.

एमआरआय महिन्याभरात परत करू नका. चित्रातली सूज वेदनेपेक्षा हळू ओसरते, आणि पांढरा डाग तसाच दिसला की उगाच धीर सुटतो. पाय अचानक टेकवेनासा झाला, ताप आला किंवा रात्रीचं दुखणं वाढतच गेलं, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.