पाण्यातून हायड्रोजन काढणारा मिश्रधातू: प्रत्येक धातूला काम द्या

रत्नागिरीत प्रोजेक्टसाठी येणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांच्या वहीत बहुतेक वेळा पाच-सहा धातूंची यादी आधीच तयार असते. मी एकच विचारते: यातला कोण काय करणार? ज्याचं काम सांगता येत नाही, तो धातू काढून टाका.

अल्कधर्मी द्रावणात वीज सोडून हायड्रोजन काढायचा, तर आधी पाण्याचा रेणू तुटायला हवा, मग सुटलेला हायड्रोजन पृष्ठभागाने धरायला हवा आणि वेळेत सोडायलाही हवा. मॉलिब्डेनम त्याला घट्ट धरून बसतं, तांबं जेमतेम धरतं, निकेल दोघांच्या मधलं. प्लॅटिनमची पकड जवळजवळ नेमकी, पण ते परवडत नाही. म्हणून मुख्य धातू निकेल, जोडीला मॉलिब्डेनम; पकड सैल करायची असेल तरच तांबं.

मॉलिब्डेनमचा थर पाण्यातून एकट्याने बसत नाही, तो निकेलच्या सोबतीनेच उतरतो. निकेल सल्फेट, सोडियम मॉलिब्डेट आणि सोडियम सायट्रेट एकत्र विरघळवा आणि अमोनियाने पीएच ९ च्या वर न्या. सायट्रेट कमी पडलं तर निकेलचा हिरवट साका तळाशी बसतो. निकेल फोम (निकेलची सच्छिद्र पट्टी) सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, स्वच्छ धुऊन या द्रावणात कॅथोडला, म्हणजे विजेच्या ऋण टोकाला, लावा; त्यावर थर चढतो. तांबं मात्र सगळ्यांच्या आधी उतरतं, त्यामुळे द्रावणात ते अगदी थोडंच ठेवा. द्रावणातलं प्रमाण थरात जसंच्या तसं कधीच येत नाही. थराचं विश्लेषण करूनच आकडा लिहा.

ॲनोडसाठी, म्हणजे ऑक्सिजन सुटतो त्या धन टोकासाठी, निकेल-लोखंड उत्तम. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात फेरिक नायट्रेटची बाटली उघडली की ते ओलं होऊन चमच्याला चिकटतं आणि तराजूवर लोखंडाबरोबर हवेतलं पाणीही तोललं जातं. त्या दिवसांत मी फेरस अमोनियम सल्फेट वापरते, किंवा उन्हाळ्यातच द्रावण करून, टायट्रेशनने त्याची तीव्रता काढून ठेवते.

मांडवीचं समुद्राचं पाणी आणायची घाई नको. त्यातल्या क्लोराइडपासून ॲनोडवर हायपोक्लोराइट बनू शकतं, कॅथोडवर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा थर चढतो. आधी १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये चाचणी घ्या. पुढे खारं पाणी घ्याल तेव्हाही ते अल्कधर्मी करा आणि ॲनोडचं ओव्हरपोटेन्शियल (किमान गरजेपेक्षा वर लावावा लागणारा व्होल्टेज) ०.४८ व्होल्टच्या आत राखा.

कॅथोड तपासताना समोर प्लॅटिनमची तार लावू नका. ते किंचित विरघळून तुमच्याच थरावर येऊन बसतं आणि श्रेय भलत्यालाच मिळतं. ग्राफाइटची कांडी लावा.