पायलट भरतीचा असेसमेंट डे : या चुका टाळा

बरीच वर्षं मी भरतीच्या सिम्युलेटरमध्ये परीक्षकाच्या खुर्चीत बसतो आहे. उमेदवार बदलतात, चुका मात्र त्याच. ज्यांचे उड्डाण तास पुरेसे आहेत, हातही चांगला आहे, अशी मुलंमुली महिनाभराच्या सवयीने टळली असती अशा कारणांवरून परत जातात. मला त्याचा खरोखर त्रास होतो, म्हणून हे लिहितो आहे.

असेसमेंट डेचा, म्हणजे निवड चाचणीच्या दिवसाचा, क्रम साधारण असा असतो : कागदपत्रांची तपासणी, संगणकावरच्या क्षमता चाचण्या, गटकार्य, मुलाखत आणि शेवटी सिम, म्हणजे सिम्युलेटरमधली उड्डाण चाचणी. काही कंपन्या हे सगळं दोन-तीन दिवसांत विभागतात. पुष्कळ ठिकाणी एका टप्प्यावर अडखळलात की पुढचा टप्पा होतच नाही.

सिममध्ये गप्प बसणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. एका उमेदवाराचा हात इतका स्थिर होता की पहिली दहा मिनिटं मी काहीच टिपून घेतलं नाही. खाली उतरायला सुरुवात झाली तेव्हा नियंत्रकाच्या भूमिकेतून मी क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या उपकरणावर) लावायचा तिथल्या हवेच्या दाबाचा आकडा, ९९८ दिला. त्याने तो बरोबर परत वाचून दाखवला, पण अल्टिमीटरवर आधीचा १०१३ हा प्रमाण दाब तसाच राहिला. १५ हेक्टोपास्कलच्या फरकाने अल्टिमीटर सुमारे चारशे फूट जास्त दाखवतो. आपण ३,००० फुटांवर सरळ उडतोय असं त्याला वाटत होतं, तेव्हा विमान २,६०० च्या आसपास होतं.

शेजारी बसलेल्या दुसऱ्या उमेदवाराच्या हे लक्षात आलं होतं. तो हळूच म्हणाला, "क्यूएनएच?" पहिला म्हणाला, "हो, झालं." दुसरा गप्प बसला. त्यानंतर आयएलएस (धावपट्टीकडे नेणारा रेडिओ संकेत) पकडेपर्यंत दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. नंतर मी पहिल्याला विचारलं, पुन्हा संधी मिळाली तर काय वेगळं कराल? तो म्हणाला, "सिमचे कंट्रोल फारच संवेदनशील होते." त्या दिवशी दोघांचीही निवड झाली नाही. बटण फिरवायचं राहून जाणं कुणाच्याही हातून होतं. ती चूक पकडायला शेजारी एक माणूस बसवलेला असतो, आणि त्याचा उपयोग कोणीच केला नाही.

आम्ही याबाबत इतके कडक का, हे समजायला २८ डिसेंबर १९७८ चा अमेरिकेतल्या पोर्टलंडचा अपघात वाचा. युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान लँडिंग गिअरच्या (चाकांच्या) तक्रारीत अडकून घिरट्या घालत राहिलं, इंधन संपलं आणि १० जणांचा जीव गेला. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमध्ये बोललं गेलं होतं, पण कॅप्टनला निर्णय घ्यायला लावेल इतक्या ठामपणे नाही. कॉकपिटमधल्या संवादाचं जे प्रशिक्षण आज सगळीकडे दिलं जातं, त्याच्या मुळाशी असे अपघात आहेत.

माझी स्वतःची सवय सांगतो. आकडा कानावर पडला की हात आधी बटणाकडे जातो, आणि मग दोघंही आपापल्या अल्टिमीटरवरचा आकडा मोठ्याने वाचतो. उंची सुटली तर तसं सांगायचं : "दोनशे फूट वर आहे, दुरुस्त करतोय." तुम्ही शेजारी असाल आणि पहिल्यांदा सांगून उपयोग झाला नाही, तर दुसऱ्यांदा आकड्यासकट सांगा : "तुमच्याकडे १०१३ आहे, आपल्याला ९९८ दिलाय." यात उद्धटपणा काही नाही.

सिमबद्दल आणखी एक. सुयांच्या मागे धावू नका. पिच (विमानाच्या नाकाचा कोन) आणि पॉवरचे (इंजिनच्या जोराचे) आकडे आधी पाठ करा. कंपनीने पाठवलेल्या माहितीपत्रकात बहुधा ते असतात, आणि लोक ते आदल्या रात्री उघडतात. तीन अंशांच्या उताराला खाली येण्याचा वेग ग्राउंड स्पीडच्या (जमिनीच्या तुलनेतल्या वेगाच्या) पाचपट, म्हणजे १४० नॉट्सला मिनिटाला ७०० फूट, एवढं तरी झोपेतही आठवायला हवं.

विकत घेतलेली उत्तरं

एकदा सकाळच्या आणि दुपारच्या उमेदवाराने मला एकच प्रसंग सांगितला. तेच खराब हवामान, कॅप्टनशी तोच मतभेद, शेवटचं वाक्यसुद्धा तेच. मी दोघांनाही विचारलं, पर्यायी विमानतळावर उतरलात तेव्हा इंधन किती शिल्लक होतं? दोघंही छताकडे पाहायला लागले. जो माणूस खरंच वळून दुसरीकडे उतरलाय, त्याला तो आकडा वर्षानुवर्षं आठवतो.

प्रश्नसंचांवर पैसे घालवण्यापेक्षा एक रविवार तुमच्याच लॉगबुकबरोबर (उड्डाणांच्या नोंदवहीबरोबर) बसा. दहा प्रसंग लिहून काढा, आणि त्यातले निदान दोन तुमच्या चुकीचे असू द्या. परीक्षेत एखादा विषय राहिला असेल तर विचारल्यावर सरळ सांगा आणि पुढे काय बदललंत तेही सांगा. लपवलेला नापास विषय कागदपत्रांत सापडला की मुलाखत तिथेच संपते. घाईत असलेल्यांना हे पटत नाही. त्यांना तयार उत्तरं हवी असतात. त्यांच्या हातात पुढे दीडशे-दोनशे प्रवासी द्यायचे असतात, म्हणून मला त्यांची ही घाई चालत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

लॉगबुकच्या बेरजा आदल्या आठवड्यात तपासा. अर्जातले तास आणि लॉगबुकातले तास जुळलेच पाहिजेत.

मूळ कागद हवेत, मोबाइलमधले फोटो नकोत. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत पाहा.

क्षमता चाचणीत सरावाची फेरी दिली असेल तर ती सोडू नका. एकाच वेळी तीन कामं दिली आणि एक हातचं गेलं, तर ते सोडून उरलेली दोन सांभाळा.

व्यक्तिमत्त्व चाचणीत आदर्श माणूस बनायला जाऊ नका. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा येतो.

गटकार्यात नेता व्हायची धडपड नको. वेळेवर लक्ष ठेवा, गप्प बसलेल्याला नाव घेऊन विचारा, नवी माहिती आली तर मत बदला.

चहाच्या वेळी इतर उमेदवारांशी कसं वागता तेही दिसतं.

घरी पोचल्यावर, झोपण्याआधी, विचारलेले प्रश्न आणि सिममधला तुमचा प्रत्येक घोळ वहीत लिहा. निवड झाली नाही तर पुन्हा अर्ज करायला बहुतेक कंपन्या काही महिने थांबायला लावतात, आणि तोवर यातलं निम्मंही आठवत नाही.