टायटॅनियमच्या सायकलची करकर

टायटॅनियम गंजत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. पावसाळा सरला आणि पेडर रोडच्या चढावर सायकल करकरू लागली. दुकानात म्हणाले, बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग, बदला. मला पटेना. उभं राहून पेडल मारलं की आवाज बंद, बसलो की सुरू! म्हणजे दोष सीटपोस्टचा, सीटखालच्या दांड्याचा. उंचीच्या खुणेला टेप लावली, पिळत पिळत पोस्ट उपसला. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमवर चुन्यासारखी पांढरी भुकटी. खारी ओल मिळाली की टायटॅनियमला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियमच झिजतं. सगळी भुकटी घासून काढली, फ्रेमची नळी आतून कापडाने कोरडी केली, धातू एकमेकांत अडकू न देणारं अँटी-सीझ चोपडलं, पोस्ट धरणाऱ्या क्लॅम्पवर लिहिलेल्या जोराने, म्हणजे ५ न्यूटन-मीटरला बोल्ट आवळला. काल वरळीपर्यंत गेलो. फक्त टायरचा आवाज. पुढच्या पावसाळ्यात दर महिन्याला पोस्ट काढून पुसणार.